आरोग्याचा खर्च आणि देशाची संपत्ति

शरीर धड असेल तर माणूस चार पैसे मिळवील, हें सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाहीं. घरांतील कर्ता पुरुष महिनाभर तापानें अंथरुणास खिळला म्हणजे वाण्याची उधारी कशी वाढते, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. परंतु जी गोष्ट एका घराच्या बाबतींत इतकी उघड, तीच एका अख्ख्या देशाच्या बाबतींत मांडूं लागलें म्हणजे मोठमोठ्या पंडितांमध्यें मतभेद सुरू होतात. गरीब देशाच्या अर्थमंत्र्यापुढें अंदाजपत्रकाचे कागद पसरलेले असतात. एका बाजूस धरणें, रस्ते, वीज, कारखाने. दुसऱ्या बाजूस दवाखाने, लस, सुइणी, पिण्याचें पाणी. पैसा मात्र तेवढाच. पहिल्या बाजूस घातलेला रुपया उद्यां कांहीं तरी घेऊन परत येईल असें दिसतें. दुसऱ्या बाजूस घातलेला रुपया खर्च होऊन गेला असें वाटतें. 'आधीं देश श्रीमंत होऊं द्या, मग दवाखाने आपोआप निघतील,' असें एक पक्ष म्हणतो. 'आजारी माणसांचा देश श्रीमंत होणार कसा?' असें दुसरा पक्ष विचारतो. हा वाद केवळ विद्वानांच्या बैठकींतला नाहीं. त्याचा निकाल ज्या बाजूनें लागेल त्यावर असंख्य मुलें पांच वर्षांचीं होतात कीं नाहीं, हें ठरत असतें.

पहिल्या पक्षाचें म्हणणें हंसून उडवून लावण्याजोगें मुळींच नाहीं. श्रीमंत देशांतील माणसें गरीब देशांतील माणसांपेक्षां अधिक जगतात, हें कोणत्याही कोष्टकावरून दिसून येतें. उत्पन्न वाढलें कीं पोटभर अन्न मिळतें, घर कोरडें व हवेशीर होतें, नळाचें पाणी येतें, मुली शाळेंत जातात. आणि दवाखाना जवळ असो वा नसो, या साऱ्यांनीं आयुष्य वाढतें. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं याच गोष्टीचा हिशेब मांडला. १९८० नंतरच्या दशकांत विकसनशील देशांची आर्थिक गति मंदावली नसती, तर एकट्या १९९० सालीं पांच लाखांहून अधिक बालकांचे प्राण वाचले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढें १९९९ सालीं प्रिचेट यांनीं डीऑन फिल्मर यांच्यासह याहून अधिक खळबळजनक गोष्ट दाखविली. देशादेशांच्या बालमृत्यूंत जो फरक दिसतो, त्यांतील शेंकडा ९५ भाग उत्पन्न, उत्पन्नाची वांटणी, स्त्रियांचें शिक्षण आणि अशाच इतर कांहीं सामाजिक कारणांनीं समजावतां येतो. सरकार आरोग्यावर किती पैसा ओततें याचा परिणाम त्यांना जवळजवळ दिसलाच नाहीं. हें वाचून कोणत्याही आरोग्यमंत्र्याची झोंप उडावी!

पण याच्या बरोबर उलट जाणारा पुरावा त्यापूर्वींच पुढें आलेला होता. सॅम्युएल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञानें १९७५ सालीं एक साधा आलेख काढला. आडव्या रेषेवर निरनिराळ्या देशांचें दरडोई उत्पन्न, उभ्या रेषेवर तेथील सरासरी आयुर्मान. टिंबें जोडलीं तेव्हां जी वक्ररेषा निघाली ती आरंभीं भराभर वर चढते आणि पुढें जवळजवळ आडवी होते. म्हणजे अतिशय गरीब देशांत उत्पन्न थोडें वाढलें तरी आयुष्याचीं पुष्कळ वर्षें पदरांत पडतात. श्रीमंत देशांत तेवढ्याच वाढीनें फारसें कांहीं पडत नाहीं. येथवर पहिला पक्ष मान डोलावील. परंतु प्रेस्टननें हाच आलेख शतकाच्या आरंभींचा, १९३० नंतरचा आणि १९६० नंतरचा असा निरनिराळ्या काळांसाठीं काढला होता. आणि त्यांत असें आढळलें कीं, सबंध वक्ररेषाच काळाबरोबर वर सरकत गेली आहे. तितक्याच उत्पन्नाचा देश तीस वर्षांनंतर पुष्कळ अधिक वर्षें जगत होता. १९३० पासून १९६० पर्यंतच्या तीसएक वर्षांत जगाचें जें आयुर्मान वाढलें त्यांतील तीन-चतुर्थांशापासून नऊ-दशांशापर्यंतचा वांटा उत्पन्नाच्या वाढीचा नव्हता, असा त्याचा अंदाज. मग तो कशाचा होता? ज्ञानाचा. जंतूंचें ज्ञान, लशीचें ज्ञान, डांस मारण्याचें ज्ञान, पाणी स्वच्छ ठेवण्याचें ज्ञान. हें ज्ञान एकदां कोठेंही निघालें कीं गरिबांतला गरीब देशही थोडक्या पैशांत तें उचलूं शकतो. मात्र उचलणारें सरकार असावें लागतें, आणि त्यासाठीं थोडा का होईना, पण नेमका खर्च करावा लागतो.

भारताच्या शेजारचें लहानसें बेट याची साक्ष देईल. १९३४-३५ सालीं श्रीलंकेंत हिंवतापाची जी सांथ आली तींत ऐंशी हजारांच्या सुमारास माणसें मेलीं. तेथें १९३१ पासून स्त्रीपुरुष सर्व प्रौढांस मताचा अधिकार मिळाला होता. तेव्हां सांथीनंतर गांवोगांवच्या मतदारांस तोंड दाखविणें प्रतिनिधींना भाग पडलें, आणि दवाखाने, सुइणी, शाळा यांची मागणी टाळणें कठीण झालें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डी. डी. टी. या औषधाची घरोघर फवारणी सुरू झाली. १९४६ सालीं दरहजारीं सुमारें २० असलेलें मृत्यूचें प्रमाण १९४७ सालीं १४ वर आलें. एका वर्षांत एवढी घट जगाच्या इतिहासांत फार थोड्या ठिकाणीं झाली असेल. अर्थांत सारें श्रेय फवारणीचें नव्हे. सुइणींचें जाळें, मोफत दवाखाने, अन्नाची शिधावाटप, मुलींचें शिक्षण, यांचाही त्यांत हात होता. १९३० च्या सुमारास तेथें दर लाख बाळंतपणांमागें दोन हजारांहून अधिक माता दगावत. आज हा आंकडा पन्नासाच्या आंत आला आहे. आणि विशेष हें कीं, हें साधण्यासाठीं सरकारनें राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा दोनच्या आसपासच खर्च केला. याउलट अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा औषधपाण्यावर घालते आणि तरीही तेथील आयुर्मान इतर श्रीमंत देशांच्या मागें राहतें.

याच बेटाचा पुढचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९६३ सालीं सबंध श्रीलंकेंत हिंवतापाचे अवघे १७ रोगी सांपडले. शत्रु मेला असें समजून फवारणी आवरती घेतली गेली. पांच-सहा वर्षांच्या आंत लाखों लोक पुन्हां थंडी-तापानें कुडकुडूं लागले. रोग पार हटल्याचें प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेनें त्या देशास दिलें तें २०१६ सालीं. धरण बांधून झालें कीं तें उभें राहतें. आरोग्याचें काम तसें नाहीं. तें विहिरीवरच्या मोटेसारखें आहे: बैल थांबले कीं पाणी थांबलें.

आतां मूळ प्रश्न. माणसें अधिक जगूं लागलीं हें ठीक. पण त्यामुळें देशाचें उत्पन्न वाढलें काय? याचें सर्वांत बोलकें उत्तर अमेरिकेच्या दक्षिण भागांत मिळतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रदेश अमेरिकेंतला असूनही त्याची अवस्था एखाद्या गरीब वसाहतीसारखी होती. कापसाचीं शेतें, अर्धेलीनें शेत करणारीं कुळें, अनवाणी हिंडणारीं फिकट मुलें. दक्षिणेकडचे लोक जात्याच आळशी, असें उत्तरेकडील लोक खुशाल म्हणत. चार्ल्स स्टाइल्स नांवाच्या कृमिशास्त्रज्ञानें १९०२ सालीं दाखवून दिलें कीं, हा आळस स्वभावांतला नसून आंतड्यांतला आहे. अंकुशकृमि नांवाचा अर्ध्या इंचाहूनही लहान किडा आंतड्यास आंकडा लावून बसतो आणि रात्रंदिवस रक्त पितो. त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर जमिनींत जातात, ओल्या मातींत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडींतून पुन्हां शरीरांत शिरतात. ज्याच्या पोटांत असे शेंकडों किडे, तो पोरगा मरत नाहीं. पण त्याचें रक्त पाण्यासारखें होतें, त्याची वाढ खुंटते, वर्गांत बसल्या जागीं तो पेंगूं लागतो. वर्तमानपत्रांनीं या किड्यास 'आळसाचा जंतु' असें नांवच देऊन टाकलें.

१९०९ सालीं तेलसम्राट् जॉन रॉकफेलर यानें या रोगाच्या निर्मूलनासाठीं दहा लक्ष डॉलर दिले आणि एक मंडळ नेमलें. मंडळानें पाहणी केली तों शाळेच्या वयाचीं शेंकडा ४० मुलें या किड्यानें पछाडलेलीं. उपाय अगदीं साधा होता. थायमॉलची मात्रा, वरून रेचक, आणि पुढें संडास बांधण्याची व पायांत जोडे घालण्याची शिकवण. फिरते दवाखाने गांवोगांव गेले. लोक गाड्या जुंपून, शिदोऱ्या बांधून सहकुटुंब जत्रेस यावें तसे आले. बाटलींत ठेवलेला किडा डोळ्यांनीं पाहिल्यावर व्याख्यानाची गरज राहिली नाहीं. पांच-सहा वर्षांत हें काम आटोपलें. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, २००७ सालीं, हॉयट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञानें जुन्या जनगणनेचीं कागदपत्रें काढून ताळा पाहिला. जेथें किडा फार होता त्या तालुक्यांतील मुलांची, आणि जेथें तो थोडा होता तेथील मुलांची तुलना केली. मोहिमेनंतर पहिल्या ठिकाणचीं मुलें शाळेंत अधिक जाऊं लागलीं, अधिक वाचूं-लिहूं लागलीं. आणि तीं मोठीं झाल्यावर त्यांची कमाईही लक्षणीय वाढलेली आढळली. एका रेचकाची ही किमया! ज्या प्रदेशास आळशी म्हणून हिणविलें, त्याची दुखणाईत आंतडीं कोणीं पाहिलींच नव्हतीं.

अलीकडच्या काळांत केनिया देशाच्या बुसिआ जिल्ह्यांत हाच प्रयोग अधिक शिस्तीनें झाला. १९९८ पासून तेथील ७५ प्राथमिक शाळांचे गट पाडून त्यांना एकामागून एक जंतांचें औषध देण्यांत आलें, म्हणजे औषध घेतलेल्या शाळा व न घेतलेल्या शाळा यांची तुलना करतां यावी. एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें मुलांची गैरहजेरी चतुर्थांशानें घटली. मौज अशी कीं, ज्यांनीं औषध घेतलें नाहीं अशा शेजारच्या मुलांसही गुण आला. कारण मातींत किड्यांचीं अंडीं पडण्याचें प्रमाणच घटलें. येथें अर्थशास्त्रांतील एक महत्त्वाचें तत्त्व उघड होतें. औषधाचा फायदा घेणाऱ्यापुरता राहत नाहीं, म्हणून प्रत्येकानें आपापल्या खिशांतून औषध घ्यावें असें म्हटलें तर तें पुरेसें घेतलेंच जाणार नाहीं. सरकारनें पुढें व्हावें लागतें. या निष्कर्षांवर पुढें कडाक्याचा वाद झाला. २०१५ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं हीच आंकडेमोड पुन्हां करून तींतील चुका व कच्चे दुवे दाखविले. परंतु मूळच्या मंडळींनीं त्याच मुलांचा वीस वर्षें पाठपुरावा केला. दोन-तीन वर्षें अधिक औषध मिळालेल्यांची तासाची कमाई शेंकडा १३ नीं, आणि संसाराचा खर्च करण्याची ऐपत शेंकडा १४ नीं अधिक असल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. इतर ठिकाणीं इतकें फळ येईलच, अशी ग्वाही यावरून देतां यावयाची नाहीं. पण जंताच्या गोळीची किंमत लक्षांत घेतां याच्या निम्मेंही फळ पुष्कळ झालें.

इतकें असतां मतभेद उरतो कोठें? तो उरतो सबंध देशाच्या हिशेबांत. दारॉन असेमोग्लू व सायमन जॉन्सन यांनीं २००७ सालीं एक अप्रिय प्रश्न विचारला. १९४० नंतर पेनिसिलिन, डी. डी. टी. आणि नव्या लशी यांच्यामुळें गरीब देशांचें आयुर्मान एकाएकीं वाढलें. तें त्यांच्या श्रीमंतीमुळें वाढलें नव्हतें, बाहेरून आलेल्या विद्येमुळें वाढलें होतें. म्हणून आरोग्यानें संपत्ति वाढते काय, हें पडताळून पाहण्यास ही नामी संधि. त्यांनीं पाहिलें तों आयुर्मान शेंकडा १ नें वाढलें कीं लोकसंख्या शेंकडा पावणेदोन ते दोननें वाढली. पण दरडोई उत्पन्न कांहीं तितकें वाढलें नाहीं. कारण समजण्यास अवघड नाहीं. बापाचें आठ एकर शेत. पूर्वीं सहा मुलांपैकीं दोन जगत, आतां पांच जगलीं. शेत मात्र आठच एकर राहिलें. पांचजण कष्टाळू आणि निरोगी असले तरी प्रत्येकाच्या वांट्यास येणारें पीक कमीच.

या आक्षेपास दोन प्रकारें उत्तर देतां येतें. एक काळाचें. जगलेलें मूल कमावतें होण्यास वीस वर्षें लागतात. आणि आईबापांस जेव्हां खात्री पटते कीं आपलीं मुलें जगणार, तेव्हांच तीं कमी मुलें होऊं देतात. ती खात्री पटण्यास एक पिढी जाते. ती गेली म्हणजे कमावते हात पुष्कळ आणि खाणारीं तोंडें थोडीं, असा सुमारें दोन-तीन दशकांचा काळ देशाच्या वांट्यास येतो. पूर्व आशियांतील देशांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी झेप घेतली तिचा तिसऱ्या हिश्शाइतका भाग या लोकसंख्येच्या रचनेनें उचलला असावा, असा डेव्हिड ब्लूम व जेफ्री विल्यमसन यांचा १९९८ सालचा अंदाज आहे. दुसरें उत्तर हिशेबाच्या पद्धतीविषयींचें. दरडोई उत्पन्न हा एक भागाकार आहे. अर्थशास्त्रज्ञांमध्यें एक जुना विनोद प्रचलित आहे: घरीं वासरूं जन्मलें तर कुटुंबाचें दरडोई उत्पन्न वाढतें, मूल जन्मलें तर घटतें! ज्या कोष्टकांत एक बाळ मेल्यानें घर थोडें श्रीमंत झाल्याचें दिसतें, त्या कोष्टकाच्या आधारें बाळ जगविण्याचा खर्च योग्य कीं अयोग्य हें ठरविणें म्हणजे तराजूनें कापड मोजण्यासारखें आहे.

तरी पण असेमोग्लू-जॉन्सन यांच्या म्हणण्यांतील एक अंश स्वीकारलाच पाहिजे. आरोग्य एकटें देशास श्रीमंत करीत नाहीं. श्रीलंकेचेंच पाहा: १९८३ पासून २००९ पर्यंत यादवी युद्ध, आणि २०२२ सालीं कर्जाच्या ओझ्याखालीं आलेली दिवाळखोरी; लोक दीर्घायुषी असूनही देश संपन्न झाला नाहीं. केरळाचें तसेंच. १९७५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्यानें तेथील स्थितीचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचून जगभर आश्चर्य झालें. उत्पन्न भारताच्या सरासरीहून कमी, पण आयुर्मान पुष्कळ अधिक. मात्र कारखाने नाहींत, नोकऱ्या नाहींत, अशी स्थिति पुढें कित्येक वर्षें टिकली. आखाती देशांत तेलाचा पैसा वाहूं लागला तेव्हां तेथें जाऊन कमावण्याइतके शिकलेले आणि धडधाकट तरुण केरळाजवळ तयार होते, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये. आज केरळाचें दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या वर आहे. चीननें १९४९ नंतरच्या तीस वर्षांत, मध्यंतरीं कोट्यवधि बळी घेणारा भीषण दुष्काळ पडूनही, आयुर्मान चाळिशीच्या आंतून पासष्टीच्या पुढें नेलें. कांहीं महिन्यांचें शिक्षण घेतलेले शेतकरीच तेथें गांवचे वैद्य झाले. त्यांना 'अनवाणी डॉक्टर' म्हणत. १९७८ नंतर बाजार खुला झाला तेव्हां कारखान्यांत उभी राहिलेली पिढी ही अशी वाढलेली होती. या तिन्ही उदाहरणांत आरोग्य आधीं आलें. पैसा कोठें मागून आला, कोठें उशिरां आला, कोठें आलाच नाहीं. पण आजारी पिढीच्या बळावर संपत्ति आल्याचें उदाहरण शोधूं गेल्यास बहुधा जमिनींतून निघणाऱ्या तेलाचें किंवा हिऱ्यांचें निघतें.

फिल्मर आणि प्रिचेट यांना सरकारी खर्चाचा परिणाम कां दिसला नाहीं, याचा उलगडाही आतां होऊं शकतो. आरोग्याचा खर्च म्हणजे आरोग्य नव्हे. राजधानींत एक टोलेजंग रुग्णालय बांधलें, त्यांत परदेशी यंत्रें बसविलीं, आणि खेड्यांतल्या दवाखान्यांत मात्र डॉक्टर आठवड्यांतून एक दिवस येतो, औषधाचें कपाट रिकामें, अशी स्थिति असेल तर अंदाजपत्रकांतला आंकडा फुगतो आणि बालमृत्यु जागचा हालत नाहीं. शिवाय सरकारनें दवाखाना उघडला आणि लोक पूर्वींच्या खासगी डॉक्टराकडून उठून तेथें आले, तर एकूण उपचारांत भर पडली असें होत नाहीं. पैसा कोठें पडतो यावर सारें अवलंबून असतें. महाराष्ट्रांतील गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९९३ पासून जें काम केलें, तें या मुद्यावर नेमकें बोट ठेवतें. नवजात अर्भकाचा मृत्यु टाळावयाचा तर मोठें रुग्णालय, कांचेची पेटी, तज्ज्ञ डॉक्टर हवेत, अशी तेव्हां समजूत होती. त्यांनीं ३९ खेड्यांतील थोडें शिकलेल्या स्त्रियांस शिकविलें: बाळास ऊब कशी द्यावी, गुदमरलेल्या बाळाचा श्वास कसा सुरू करावा, जंतुदोष कसा ओळखावा आणि त्यावर इंजेक्शन कसें द्यावें. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांच्या मृत्यूंत शेंकडा ६२ नीं घट झाली, आणि खर्च एका बाळामागें सुमारें पांच डॉलर! १९९९ सालीं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकानें हें काम छापलें. पुढें भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांकरवीं तीच पद्धति देशभर नेली. गडचिरोलीच्या जंगलांतील खेड्यांत दरडोई उत्पन्न त्या तीन वर्षांत काय असें वाढलें होतें?

आणखी एक खर्च असा आहे कीं, तो सरकारच्या अंदाजपत्रकांत कोठेंच दिसत नाहीं. तो घरच्या ट्रंकेंतून होतो. एखाद्या शेतकरी कुटुंबांत मोठें दुखणें निघालें म्हणजे आधीं पोस्टांतली शिल्लक संपते, मग बायकोच्या पाटल्या जातात, मग दुभती म्हैस, मग सावकाराच्या किंवा बँकेच्या कर्जापायीं जमीन गहाण पडते; आणि त्याच वर्षीं थोरल्या मुलीचें नांव शाळेंतून कमी होतें. रोगी बरा झाला तरी घर दहा वर्षें मागें गेलेलें असतें. येथें आरोग्याचा आणि संपत्तीचा संबंध सिद्ध करण्यास कोणत्याही आलेखाची आवश्यकता नाहीं. थायलंडनें ही गोष्ट ओळखली. १९९७ सालच्या आर्थिक कोसळण्यानंतर अवघ्या चार-पांच वर्षांत, दरडोई उत्पन्न जेमतेम दोन हजार डॉलर असतां, त्यानें एका खेपेस ३० बाट देऊन कोणालाही उपचार मिळतील अशी योजना सर्व देशभर लागू केली. गरीब देशास हें झेपणार नाहीं, असें पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. पण गरिबांच्या उपचारासाठीं रुग्णालयांकडे अधिक पैसा जाऊं लागला, गरीब भागांतील बालमृत्यु घटले, आणि दुखण्यामुळें दारिद्र्यांत पडणाऱ्या घरांची संख्याही उतरली. देश कांहीं बुडाला नाहीं. कोस्टारिका या मध्य अमेरिकेंतील चिमुकल्या देशानें तर १९४८ सालीं सैन्यच मोडून टाकलें आणि पुढील दशकांत शाळा-दवाखान्यांकडे पैसा वळविला. तेथील माणसें आज सरासरी ऐंशीच्या आसपास जगतात. सर्वांस हें जमेल असें नाहीं. शेजारी चांगला मिळावा लागतो.

जगाच्या पातळीवरही हिशेब झाले. जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालीं जागतिक आरोग्य संघटनेनें नेमलेल्या आयोगानें २००१ सालीं सांगितलें कीं, अतिशय गरीब देशांतही आवश्यक उपचारांसाठीं माणशीं वर्षास किमान ३४ डॉलर लागतील, आणि आयुर्मान शेंकडा दहानें वाढलें तर आर्थिक वाढीचा वार्षिक दर शेंकडा ०.३ ते ०.४ नें उंचावतो. त्याच वर्षीं आबुजा येथें आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनीं सरकारी अंदाजपत्रकाचा शेंकडा १५ भाग आरोग्यास देण्याची प्रतिज्ञा केली. ती पाळणारे देश बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. देवी रोगाचें निर्मूलन हा मात्र निर्विवाद नफ्याचा व्यवहार ठरला. १९६७ पासूनच्या मोहिमेस सबंध जगाला सुमारें तीस कोटि डॉलर लागले. १९८० सालीं रोग गेल्याचें जाहीर झालें, आणि तेव्हांपासून लस टोंचण्याचा व रोग्यांच्या शुश्रूषेचा सारा खर्च दरवर्षीं वांचतो आहे. असा व्याजाचा दर कोणती पेढी देईल?

भारतापुरतें बोलावयाचें तर, सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. तेव्हांचे आंकडे वाचतांना आज अंगावर कांटा येतो. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्याही आंत. दरहजार अर्भकांपैकीं १६२ वर्षाच्या आंत दगावत. पैसे देतां येत नाहींत म्हणून कोणीही उपचारांवांचून राहूं नये, असें तत्त्व त्या समितीनें मांडलें होतें. २०२० सालीं अर्भकमृत्यूचें प्रमाण देशांत हजारीं २८ आणि केरळांत ६ इतकें खालीं आलें. म्हणजे भोर समितीपासून पुष्कळ मजल मारली गेली. परंतु केरळ आणि उरलेला देश यांच्यामधील अंतरही त्यांतच दिसतें. पैशाच्या बाजूनें पाहतां, १९४६ नंतर कित्येक दशकें सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा एकच्या आसपास घुटमळत राहिला. २०१३-१४ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ६४ खर्च लोक स्वतःच्या खिशांतून करीत. २०२१-२२ सालीं हा वांटा शेंकडा ३९ वर उतरला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा अडीचवर नेण्याचें, आणि राज्यांनीं आपल्या अंदाजपत्रकाचा शेंकडा आठहून अधिक भाग २०२० पर्यंत आरोग्यास देण्याचें ठरविलें होतें. २०२१-२२ सालच्या हिशेबांत हा सरकारी खर्च शेंकडा १.८४ भरला, आणि तें वर्षही महामारीचें असल्यानें नेहमींपेक्षां अधिक खर्चाचें होतें.